टोप्यांची वही

१

पुठ्ठे जागेवर होते. वही गेली होती.

मथुराबाईंनी कापडी पिशवी ओसरीवर उलटी केली, तशी तिच्यातून दोन जाड पुठ्ठे पडले, चष्म्याचं घर पडलं, आणि पांढऱ्या दोऱ्याची एक लहानशी गुंडी घरंगळत खेमसिंगच्या पायाशी येऊन थांबली. एरवी त्या पुठ्ठ्यांमध्ये बेचाळीस ताव शिवलेले असत. जुन्या हजेरीपटाचे लांबरुंद ताव. एका बाजूला रकाने छापलेले, दुसरी बाजू कोरी. वाघनाळ्याच्या शाळेनं ती रद्दी विकली तेव्हापासून गावच्या दुकानातली जिरं-मोहरीसुद्धा त्याच रकान्यांत बांधून यायची. भीमराज गुरुजींनी त्यातले बेचाळीस ताव निवडून घेतले, मथुराबाईंनी शिवून दिले, आणि छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या त्या माणसानं त्यांच्या कोऱ्या पाठीवर टोप्यांची कोडी लिहिली. एका तावावर एक कोडं आणि खाली त्याचं उत्तर, बोटभर उंच अक्षरांत. एकेचाळीस लिहून झाली होती. बेचाळिसावा ताव कोराच होता. "शेवटचं सुचल तवा लिवीन," असं म्हणायचे.

आता ते सुचणार नव्हतं. यवतमाळच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघावी तशी गुरुजींच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली. आधी माणसांची नावं, मग घरचा रस्ता, मग जेवल्याची आठवण. कोडी तेवढी राहिली. रोज सकाळी चहाच्या वेळी मथुराबाई वही उघडायच्या आणि अडखळत वाचायच्या, "वर्तुळ गावभर बोडकं काहून फिरते?"

गुरुजींच्या डोळ्यांत दिवा लागायचा. "त्याले शिरोबिंदूच नाही, मथुरा! टोपी ठेवाव कुठं?"

मथुरा. दिवसातून एकदाच, त्या उत्तराला चिकटून तेवढा एक शब्द यायचा. मग दिवसभर त्या घरात कोणीतरी परकी बाई स्वयंपाक करत असायची.

"उद्या सकाळी मी काय वाचू, खेमसिंगभाऊ?" मथुराबाईंनी विचारलं. "वही नाही तं मी त्याहिची कोण?"

तीस वर्षं खेमसिंग राठोडनं दिग्रस-पुसद गाडीवर कंडक्टरकी केली होती. गर्दीत कोणाची थैली कोणी उचलली हे तो उतारूंच्या माना बघून सांगायचा. गावात आणि शेजारच्या त्याच्या तांड्यात काही हरवलं की लोक आधी त्याच्याकडे यायचे, मग ठाण्यात. पण आज त्याच्या अंगात सात दिवसांच्या कीर्तनाची धुंदी होती. दुपारीच हनुमानाच्या सप्ताहाचा काला झाला होता. कपाळावरचा गुलाल-बुक्का अजून पुसलेला नव्हता आणि डोक्याला उन्हासाठी दुपट्टा गुंडाळलेला होता.

त्यानं दोऱ्याची गुंडी उचलली. कोणी तोडलेला नव्हता तो दोरा. एकेक टाका सोडवून, सावकाश, छान गुंडाळून ठेवला होता. चोराला घाई नव्हती.

"पिशवी कुठं होती माय?"

"मंडपाच्या दाराशी, त्याहिच्या खुर्चीले. मी तिकडं महाप्रसादाच्या पोळ्या लाटून राह्यली होती."

गुरुजी बुद्धाला मानणारे. सप्ताहाला हात जोडायचे नाहीत, पण कीर्तन चुकवायचे नाहीत. "तुमच्या देवाची सिद्धता बाकी हाय, तोवर मी दारातच बसतो," म्हणायचे. उघड्या डोक्यानं कीर्तनात बसायचं नाही हा महाराजांचा नेम; म्हणून दाराशी टोप्यांचं टोपलं असायचं, आणि त्या टोपल्याशेजारी गुरुजींची खुर्ची. टोपी वाटायचं काम त्यांनी कौतुकानं घेतलं होतं.

आता ते आत खाटेवर बसले होते. डोक्यावर कीर्तनातली कागदी टोपी तशीच.

"गुरुजी," खेमसिंग वाकून म्हणाला, "वही कोणी नेली जी?"

गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं. पस्तीस पोरांचा वर्ग शांत बसल्यावर मास्तर बघतो तसं, समाधानानं.

"हजेरी झाली," ते म्हणाले. "सगळे हजर. कोनी बोडकं नाही."

खेमसिंगनं सुस्कारा टाकला. हे आजाराचं बोलणं, असं त्याला वाटलं. तिथेच तो पहिल्यांदा चुकला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिग्रसला गेला. अतुल मनवर, गुरुजींचा पुतण्या, तिथल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होता. महिन्याभरापूर्वी वहीवरून त्याचं आणि मथुराबाईंचं भांडण झालं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"मांगतली होती म्या वही, नाही कायले म्हणू?" अतुल डोक्याचा दुपट्टा सोडत म्हणाला. उन्हानं त्याचा चेहरा रापला होता. "काकाजीच्या नावानं पुस्तक छापाचं होतं. काकू म्हणे, तुले पुस्तक पायजे, मले नवरा पायजे. मंग म्या तोंड बंद केलं. काल काल्याले आलतो, काकाजीच्या पाया पडलो, टोपी घातली, बसलो. वही पाह्यलीबी नाही."

खेमसिंग ऐकत नव्हता. तो अतुलच्या कपाळाकडे बघत होता.

आंघोळ झालेल्या स्वच्छ कपाळावर, केसांच्या थोडं खाली, जांभळा डाग होता. तिरपा, फराटलेला, चिमणीच्या पायांसारखा. तो रंग खेमसिंगनं झोपेतही ओळखला असता. शाईची पेन्सिल! कोरडी लिहिली तर करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी फुटते आणि आठ-आठ दिवस जात नाही. पहिली काही वर्षं गाडीचा कागद त्याच पेन्सिलीनं भरायला लागायचा. त्याची स्वतःची जीभ तेव्हा जांभळी असायची. आणि आता साऱ्या पंचक्रोशीत ती पेन्सिल एकाच माणसाकडे उरली होती. गुरुजी तिचं टोक जिभेला लावून लिहायचे. वहीतलं प्रत्येक अक्षर तिचंच होतं.

"हात दाखव."

अतुलनं हात पुढे केले. तळवे साफ होते, नखंसुद्धा.

"धुतले असतीन," खेमसिंग म्हणाला. "घामाच्या हातानं पानं काढली, त्याच हातानं कपाळ पुसलं. हात सोड्यानं घासले, कपाळ इसरला."

"कोनचं कपाळ? काय होय माह्या कपाळाले?" अतुलनं हात लावून बघितलं आणि बोटाकडे पाहिलं. बोटाला काहीच आलं नाही. "भाऊ, तुमी चोर ठरवूनच आले का?"

जिनिंगची यंत्रं चालू झाली, सरकीचा धुरळा उडाला आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं. खेमसिंग बाहेर पडला तो चोर सापडल्याच्या खात्रीनं. स्टँडवर त्याला गावातली भुरीबाई भेटली. तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं. डागाचंही सांगितलं.

भुरीबाईला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. हे त्याला माहीत होतं. तरी सांगितलं.

३

फक्त एक गाठ सुटत नव्हती. छापायलाच हवी होती, तर अतुलनं पुठ्ठे कशाला ठेवले? दोरा कशाला गुंडाळला? म्हणून खेमसिंग दुपारच्या गाडीनं पुसदला निघाला. तिथे त्याचा मुलगा ओम गणिताचा क्लास चालवायचा. ओमनंही वही तीनदा मागितली होती.

खिडकीशी बसल्यावर त्याला त्याची पाचवी आठवली. गुरुजी तेव्हा नवीन, बावीस वर्षांचे. त्यांनी तिघांना डोळे मिटायला लावले, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी ठेवली. काळी किंवा पांढरी, कोणती ते सांगितलं नाही. "आता डोळे उघडा. दुसऱ्याच्या दिसतात, स्वतःची दिसत नाही. सांगा, वर्गात पांढऱ्या टोप्या किती?" खेमसिंगनं टुणकन उठून दोन सांगितल्या. होत्या तीन. गुरुजी हसून म्हणाले होते, "साऱ्याइचे डोके मोजले, आपलं मोजाले इसरला. घरी जाऊन आरशात पाय, एक डोकं तिथंबी हाय."

क्लासच्या पायऱ्या चढताना आतून हशा ऐकू आला. ओम फळ्यावर वर्गमुळाचं चिन्ह काढून त्याच्याखाली नऊ लिहीत होता.

"हा नऊ टोपी घालून बसला हाय. त्याची टोपी कुठं निघन?"

पोरं ओरडली, "वर्गाऽऽत!"

"बरोबर. वर्ग केला का टोपी गेली. म्हनून आपल्या वर्गातबी टोप्या काढून बसाचं."

हे वहीतलं कोडं. शब्दनशब्द. आणि ओम वळला तेव्हा त्याच्या कपाळावर, केसांच्या खाली, तसाच जांभळा फराटा होता.

पोरं बाहेर जाईपर्यंत खेमसिंग थांबला.

"तू आन अतुल मिळून केलं का हे?"

"काय केलं, बापू?"

"गुरुजीची वही."

ओमनं खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. मग हलकेच म्हणाला, "हे कोडं त्याहिनं मले सहावीत घातलं होतं. चोराची काय गरज? मी वही मांगतली ती फोटो काढाले. एकेक पान मोबाईलमधे ठेवलं असतं तं हरवली नसती. मथुराकाकू हो म्हने, आज देतो, उद्या देतो. तिच्या हातातून सुटत नव्हती." त्याचा आवाज चढला. "बापू, साऱ्या जिल्ह्यात तुमाले चोर म्हनून मीच दिसलो?"

"मंग कपाळाले काय लागलं तुह्या?"

"मले नाही माहीत! काल काल्यात बुक्का लागला असंल! तुमी तं तिकिटाविना चढलेल्याले पकडाव तसं पाहून राह्यले."

"डाग खोटं बोलत नाही."

"मंग डागालेच लेक म्हना," ओम म्हणाला आणि त्यानं फळा पुसायला घेतला. बाप जिना उतरून जाईपर्यंत तो कोरा फळाच पुसत होता.

४

सप्ताहाचे कीर्तनकार प्रेम महाराज मूळचे राजूरचे. वीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. कीर्तनातही त्यांचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा यायचा. काल्याच्या कीर्तनात त्यांनी दिलेला दृष्टांत खेमसिंगच्या कानात अजून घुमत होता. मंगळवारी सकाळी महाराज मंदिराच्या ओट्यावर वळकटी बांधत होते.

"महाराज, तो टोपीचा दृष्टांत तुमी कुठून घेतला?"

"कुठून म्हंजे? गुरुजीपासून. शनिवारी त्याहिनं मले दोन चिन्हं काढून दाखवले." महाराजांनी बोटानं मातीत एक सुलटी कमान काढली, शेजारी एक उलटी. "हा छेद, ते म्हने, ही डोक्यावरची टोपी. दोघांत सारखं असन तेवढंच हिच्यात मावते. आन हा संयोग. तेच टोपी काढून उलटी हातात धरली. हिच्यात साऱ्याइचं सारं मावते. मले तं तिथंच रडू आलं, खेमसिंगभाऊ. म्या म्हटलं, गुरुजी, हा तं आमचा काला होय! तो म्हातारा देवाले मानत नाही, पन काल्याचा अर्थ मले त्यानं सांगतला."

तो क्षण खेमसिंगला आठवला. मृदंग टिपेला गेला होता, हंडी फुटली होती, महाराज म्हणाले होते, "टोप्या उलट्या करा!" आणि चारशे माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढून ओंजळीत उलट्या धरल्या होत्या. दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे. काय तो सोहळा! जन्माला आल्याचं सार्थक वाटलं होतं.

"फेटा काढता का जरा, महाराज?"

महाराजांनी फेटा उतरवला. कपाळ लख्ख होतं. डागाचा मागमूस नाही.

वहीतला दृष्टांत ज्यानं उघड-उघड वापरला, त्याचं कपाळ कोरं. खेमसिंग चक्रावला. तेवढ्यात पाणक्या बादल घागर घेऊन आला, आणि त्याच्या कपाळावर जांभळा डाग. मागून आलेल्या दोघांच्याही. एकाच्या भुवईवर, एकाच्या कानशिलाशी. खेमसिंगची नजर फिरली तसे तिघांनीही दुपट्टे झर्रकन खाली ओढले आणि आल्यापावली पळाले.

भुरीबाईनं काम केलं होतं. कपाळावर डाग तो चोर, हे कालपासून घराघरात पोचलं होतं.

एवढी माणसं मिळून एक वही कशी चोरतील?

५

बुधवारी खेमसिंगची बायको लालीबाई बहिणीकडून परतली. खेमसिंग तोंडावर पाणी मारायला माठाशी वाकला होता. तीन दिवसांत पहिल्यांदाच डोक्याचा दुपट्टा खुंटीवर होता.

"याडी ये!" आईचा धावा करत लालीबाई दारातच थबकली. "तुमच्या कपाळाले काय लागलं?"

तो ताठ झाला. ओल्या हातानं कपाळाला हात लावणार, तोच हात हवेतच थांबला.

आरसा भिंतीवर होता, ओम दहावीला असतानाचा, एका कोपऱ्यात तडकलेला. त्यात गेल्या तीन दिवसांत तो डोकावला नव्हता. आता डोकावला. अतुलच्या कपाळावर चिमणीचे पाय होते, ओमच्या कपाळावर फराटा होता. पण स्वतःच्या कपाळावर त्याला आरशात सरळ, बोटभर उंच, ओळखीच्या हातचा एक शब्द दिसला.

वर्गात.



"कागदावरचं अक्षर अंगावर उलटं उमटते," तो म्हणाला. लालीबाईला की स्वतःला, कोण जाणे. "दुसऱ्याले उलटं दिसते, म्हनून फराटा वाटते. आरशात सुलटं होते. लाली, हे पान माह्या डोक्यावर होतं."

"कोनतं पान?"

"काल्याच्या दिवशी लई गर्दी झाली. कापडाच्या टोप्या संपल्या. म्या माही टोपी दारव्ह्याच्या मृदंगवाल्याले देल्ली, आन दारातून कागदाची घेतली. रकान्यावाली. मले वाटलं दुकानची रद्दी होय. समद्याइले तसंच वाटलं. लिवलेली बाजू आत होती ना, डोक्याकडं! चव्वेचाळीस डिग्रीत डोक्याले घाम फुटला, पेन्सिल ओली झाली आन अक्षर कपाळावर उतरलं. म्हनून हात साफ, कपाळ घान. हात लिवलेल्या बाजूले लागलेच नाही. प्रेम महाराजाले फेटा होता, म्हनून ते कोरे. जे बोडके आलते, तेच डागी. चोर नव्हताच, लाली. वही कोनी नेली नाही. वाटली."

"कोनं?"

उत्तर त्याला रविवारीच मिळालं होतं. हजेरी झाली. सगळे हजर. कोणी बोडकं नाही.

दारातल्या त्या खुर्चीवर कोणाचंही नाव न आठवणारा मास्तर बसला होता. समोर पोरं उघड्या डोक्यानं उभी होती, त्यांना आत जाऊ देत नव्हते. टोपलं रिकामं होतं. पिशवीत कागद होते. त्यानं टाके एकेक करून सोडवले, दोरा वाया जाऊ नये म्हणून गुंडाळला आणि टोप्या घडवत गेला. आपली कोडी आहेत हे त्याला त्या घटकेला आठवलं नाही, किंवा आठवलं आणि तरीही दिली. हे आता कोणालाच विचारता येणार नव्हतं.

आणि खेमसिंगला आठवलं की त्याच्या डोक्यावर टोपी गुरुजींनी स्वतः ठेवली होती, दोन्ही हातांनी, कानांशी दाबून.

६

"कपाळं!" तो ओरडत घराबाहेर पडला. "साऱ्याइचे कपाळं उतरवून घ्याचे!"

अजून जमणार होतं. एकेचाळीस डोकी, प्रत्येकावर दोन-चार शब्द. आरसा धरायचा, वाचायचं, लिहायचं. शब्दावरून कोडं आठवेल. तो आरसा काखेत मारून घरोघर फिरला.

बादलनं कपाळ लिंबानं घासलं होतं. त्याच्या शेजाऱ्यानं राखेनं, त्याच्या पुढच्यानं रॉकेलनं. एकानं तर सायकलची ट्यूब घासायचा खरखरीत कागद घेऊन कातडं सोलून काढलं होतं. जखमेवर हळद होती. "भाऊ, तुमीच सांगतलं ना डागावाला चोर म्हनून?" तो काकुळतीनं म्हणाला. "पोरीचं लगन हाय माह्या." अतुलला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "पुसलं. आता काय पायजे?" ओमनं फोन उचलला नाही.

घरामागून घर. लाल, सोललेली, चकचकीत कपाळं. कीर्तनकार सांगतात की माणसाच्या कपाळी लिहिलेलं पुसत नाही. खेमसिंगच्या शोधानं दोन दिवसांत गावभरचं पुसून दाखवलं होतं.

उरल्या टोप्या. मंडपाची झाडलोट तानाबाईकडे होती.

"टोप्या?" ती म्हणाली. "फेकते का कोनी? दही-लाह्या लागलेल्या होत्या, प्रसाद तो! पायाखाली आला असता तं पाप कोनाले? गाईपुढं ठेवल्या. पोटभर खाल्ल्या बिचारीनं. उरल्या त्या म्या हात जोडून कालव्यात सोडल्या." तिचा चेहरा समाधानानं भरला होता. "एकबी टाकली नाही, भाऊ. तुमची म्या माह्या हातानं सोडली."

दही-लाह्यांनी गच्च भिजलेली स्वतःची टोपी त्यानंच तिच्या हातात दिली होती. तेव्हा डोळे मिटलेले होते, नाम चालू होतं.

७

एक टोपी मात्र उलटी झाली नव्हती. काला न घेणाऱ्याची.

खेमसिंगनं ओसरीवर बसून मथुराबाईंना सगळं सांगितलं, भुरीबाईसकट. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. तांदळातले खडे वेचत राहिल्या. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते.

"चार दिवस झाले," मग म्हणाल्या. "मले माझ्याच घरात पाव्हनी म्हनतात. काल म्हने, बाई, तुमची गाडी किती वाजताची हाय?"

दोघं आत गेले. गुरुजी खाटेवर, डोक्यावर टोपी. खेमसिंगनं ती अलगद काढली. मथुराबाईंनी ताव उलगडला. आधी घड्या, मग रकाने, मग दुसरी बाजू.

कोरी होती.

बेचाळिसावा ताव. लिहिलेली एकेचाळीस गावाच्या डोक्यांवर घालून झाल्यावर स्वतःसाठी उरला तो. गुरुजींनी हात पुढे केला, कागद घेतला, आणि बोटांनी काही न विचारता काम केलं. दुमड, कोपरे, कड वर, कड वर. एका श्वासात टोपी तयार. ती त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"भाऊ, तुमचं कपाळ," मथुराबाई घाईनं म्हणाल्या. "अजून हाय ना? बसा खाली. बसा त्याहिच्या म्होरं."

खेमसिंग खाटेपुढे गुडघ्यांवर बसला, पाचवीतल्या पोरासारखा. मथुराबाईंनी आरसा धरला, त्यात बघून अक्षरं लावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रोजच्या सकाळची उमेद आली. कोडं त्यांना पाठ होतं. वाचायची सवय होती म्हणून पाठ असल्याचं माहीत नव्हतं, एवढंच.

"मुळाखाली बसलेल्या आकड्याची टोपी कुठं निघते?"

गुरुजी खेमसिंगच्या कपाळाकडे बघत होते. डोळे बारीक झाले. दिवा लागतो की काय, असं वाटलं.

"उलटं लिवलं," ते म्हणाले. त्यांना आरसा दिसत नव्हता. त्यांनी अंगठा जिभेला लावला, खेमसिंगची हनुवटी धरली आणि पाटी पुसावी तसं कपाळ पुसलं. एकदा, दोनदा. ओलं लागताच पेन्सिल पसरली आणि शब्दाचा जांभळा चिखल झाला. "चुकलं, बेटा. पुन्हा मांड."

"हो जी," खेमसिंग म्हणाला.

आरसा मथुराबाईंच्या मांडीवर पालथा झाला. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायचं त्यांना सुचलं नाही. गुरुजींची नजर फिरत त्यांच्या पांढऱ्या केसांवर आली आणि थांबली.

"बाई, तुमी बोडक्यानं काहून बसल्या?" ते कळवळून म्हणाले. "आत घेत नाहीत तसं."

त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर ठेवली. कानांशी दाबून बसवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"नाव काय?"

"मथुरा."

ते नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, आणि हवेत, नसलेल्या रकान्यात, जांभळ्या अंगठ्यानं एक खूण केली.

"हजर म्हना."

"हजर," मथुराबाई म्हणाल्या.